अतिशीताचा साधक : कॅमरलिंग ओनेस

कुल्फीवाल्याचा मटका तुम्ही पाहिला असेल. त्यात तो बर्फाचे तुकडे भरतो आणि त्यांवर खडे मीठ टाकतो. मीठ कशासाठी, असे तुम्ही त्याला कधी विचारले आहे का? नुसत्या बर्फाची थंडी कुल्फी गोठवायला पुरत नाही. मीठ मिसळले की बर्फ वितळू लागतो आणि तापमान शून्य अंशाच्याही खाली उतरते. या साध्या युक्तीने शून्याखाली सुमारे वीस अंशांपर्यंत पोचता येते.

पण याहून अधिक थंडी हवी असेल तर? आणि थंडीला कोठे शेवट आहे का? होय, शेवट आहे. शून्याखाली २७३.१५ अंश सेल्सिअस हे थंडीचे शेवटचे टोक आहे. त्याला केवल शून्य म्हणतात. त्याच्या खाली कोणतीही वस्तू जाऊ शकत नाही. या टोकाच्या अगदी जवळ जाऊन पोचलेल्या एका धीराच्या माणसाची ही हकिकत आहे. त्याचे नाव हाइके कॅमरलिंग ओनेस.

ओनेस यांचा जन्म २१ सप्टेंबर १८५३ रोजी हॉलंड देशातील ग्रोनिंगेन या गावी झाला. त्यांच्या वडिलांचा विटांचा कारखाना होता. घरात शिस्त होती आणि शिक्षणाला मान होता. लहानपणापासून हाइके यांची प्रकृती नाजूक होती. पण अभ्यासात ते मागे नव्हते. १८७० मध्ये ते ग्रोनिंगेनच्या विद्यापीठात दाखल झाले. दुसऱ्याच वर्षी उत्रेख्त विद्यापीठाने ठेवलेल्या विज्ञानविषयक स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. नंतर ते जर्मनीतील हायडलबर्गला गेले. तेथे बुन्सेन आणि किर्चहॉफ या नामवंत शास्त्रज्ञांच्या हाताखाली त्यांना शिकायला मिळाले. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत जो बर्नर असतो, तो याच बुन्सेन यांच्या नावाने ओळखला जातो.

मायदेशी परतल्यावर त्यांनी पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे लंबकाच्या साहाय्याने नव्या रीतीने दाखवले आणि १८७९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १८८२ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढची चाळीस वर्षे त्यांनी याच गावात काढली. प्राध्यापक होताच त्यांनी आपले सूत्र सांगून टाकले. नुसत्या तर्काने खरे ज्ञान मिळत नाही, अचूक मोजमाप केले तरच ते मिळते, असे त्यांचे ठाम मत होते. हे सूत्र त्यांनी जन्मभर पाळले.

त्या काळी एक मोठा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे होता. वाफ थंड केली की पाणी होते. मग प्रत्येक वायू पुरेसा थंड केला, तर त्याचे द्रव होईल का? व्हॅन डर वाल्स हे हॉलंडचेच शास्त्रज्ञ. वायूचे द्रव कसे आणि केव्हा होते याचा सिद्धान्त त्यांनी मांडला होता. तो खरा की खोटा हे मोजून पाहावे, असे ओनेस यांनी ठरवले. त्यासाठी वायू अतिशय थंड करणे भाग होते.

वायू थंड कसा करतात? सायकलच्या चाकातील हवा सोडताना तुम्ही बोट जवळ धरले आहे का? दाबलेली हवा बाहेर पडते, पसरते आणि बोटाला गार लागते. वायू दाबून तो बारीक झडपेतून सोडला की त्याचे तापमान उतरते. पण यात एक अडचण आहे. हायड्रोजन आणि हेलियम हे वायू आधीच खूप थंड केलेले नसतील, तर अशा वेळी ते गार होण्याऐवजी किंचित तापतात. म्हणून हे काम एका उडीत होत नाही. जिना उतरावा तसे एकेक पायरी खाली जावे लागते. एका वायूचे द्रव करायचे, त्या द्रवाच्या थंडीने दुसरा वायू गार करायचा, त्याचे द्रव झाले की त्याने तिसरा. ओनेस यांनी असा जिना बांधायला घेतला. मिथिल क्लोराइड, मग एथिलीन, मग ऑक्सिजन अशा त्याच्या पायऱ्या होत्या. ऑक्सिजन शून्याखाली १८३ अंशांवर द्रव होतो. १८९२ पर्यंत ही पायरी त्यांनी गाठली.

आणि येथेच काम अडले. लायडनच्या लोकांच्या मनात एक जुनी भीती होती. १२ जानेवारी १८०७ रोजी गावातल्या कालव्यात उभ्या असलेल्या एका जहाजातील बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला होता. त्यात सुमारे दीडशे माणसे दगावली आणि शेकडो घरे पडली. त्याच उद्ध्वस्त जागेवर पुढे प्रयोगशाळा उभी राहिली होती. आता तेथे दाबलेले वायू साठवले जात आहेत असे कळताच लोक घाबरले. १८९५ मध्ये थंडीचे प्रयोग बंद करावे लागले. तज्ज्ञांची समिती नेमली गेली. लंडनचे शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी ओनेस यांच्या बाजूने पत्र लिहिले. खरे तर याच शर्यतीत ड्यूअर हे त्यांचे प्रतिस्पर्धी होते! तरीही परवानगी मिळायला जवळजवळ तीन वर्षे गेली.

विचार करा, तुमच्या हातचे काम असे तीन वर्षे थांबले तर तुम्ही काय कराल? ओनेस चिडून बसले नाहीत. प्रयोगशाळेतील इतर संशोधन चालूच राहिले. याच काळात, १८९६ मध्ये, तेथे पीटर झीमन यांनी चुंबकाचा प्रकाशावर होणारा परिणाम शोधून काढला. पुढे झीमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण १८९८ मध्ये ड्यूअर यांनी लंडनला हायड्रोजनचे द्रव करून दाखवले. शर्यतीत ओनेस मागे पडले होते.

त्यांनी घाई केली नाही. त्यांना ठाऊक होते की असे काम एकट्या हुशार माणसाच्या हातून होत नाही. पंप चालवायला, नळ्या जोडायला, काच फुंकायला तयार हात लागतात. म्हणून १९०१ मध्ये त्यांनी उपकरणे बनवणाऱ्या कारागिरांच्या शिक्षणाची कायमची व्यवस्था केली. तेथे मुले प्रत्यक्ष काम करत शिकत. ती निळे डगले घालत, म्हणून त्यांना निळी मुले असेच नाव पडले. यंत्रांचे प्रमुख खेरिट फ्लिम आणि काचकामाचे प्रमुख ओस्कार केसेलरिंग हे दोघे ओनेस यांचे उजवे-डावे हात होते. १९०६ मध्ये लायडनलाही द्रव हायड्रोजन मिळाला, आणि तोही थेंबाथेंबाने नव्हे, लिटरांनी. त्याचे तापमान शून्याखाली २५३ अंश होते.

आता एकच वायू उरला, हेलियम. या वायूची गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. फ्रान्सचे शास्त्रज्ञ यान्सेन ते पाहायला आजच्या आंध्र प्रदेशातील गुंटूर येथे आले होते. त्या ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा दिसली. ती एका नव्या मूलद्रव्याची होती. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. पृथ्वीवर हा वायू सापडला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅम्से यांना, एका खनिजात. तो इतका दुर्मीळ होता की प्रयोगापुरता मिळवणेही कठीण. ओनेस यांचे भाऊ व्यापारविषयक कचेरीत अधिकारी होते. त्यांच्या मदतीने अमेरिकेतून मोनाझाइट नावाची वाळू मागवली गेली. ती तापवून हेलियम काढायचा आणि पुन्हा पुन्हा शुद्ध करायचा. शुद्ध का? कारण त्यात थोडी जरी हवा राहिली, तरी ती एवढ्या थंडीत गोठून दगडासारखी होते आणि बारीक नळी बंद पाडते. मग सारा प्रयोग फुकट!

१० जुलै १९०८ चा दिवस उजाडला. सत्तर-पंचाहत्तर लिटर द्रव हवा आदल्या दिवशीच तयार ठेवली होती. पहाटे पावणेसहाला काम सुरू झाले. दुपारी दीडपर्यंत वीस लिटर द्रव हायड्रोजन जमा झाला. मग हेलियमची पाळी आली. काचेचे एक पात्र दुसऱ्यात, दुसरे तिसऱ्यात, अशी रचना होती. सर्वांत आत हेलियम, त्याभोवती द्रव हायड्रोजन, त्याभोवती द्रव हवा. ही दुहेरी भिंतीची पात्रे ड्यूअर यांनीच शोधलेली होती. दोन भिंतींमधली हवा काढून टाकली की बाहेरची उष्णता सहजासहजी आत शिरत नाही. तुमच्या घरचा चहाचा थर्मास याच तत्त्वावर चालतो.

संध्याकाळी चारनंतर हेलियम नळ्यांतून फिरू लागला. ओनेस यांना जागचे हलताही येईना. सांगतात, की त्यांच्या पत्नीने प्रयोगशाळेत येऊन त्यांना पावाचे घास भरवले. तासामागून तास गेले. हायड्रोजनचा साठा संपत आला. तापमापकाचा काटा एका जागी येऊन थांबला आणि पुढे सरकेना. प्रयोग फसला असे वाटू लागले. इतक्यात, काय चालले आहे हे पाहायला आलेल्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी पात्रावर खालून उजेड पाडून पाहायला सुचवले. उजेड पाडला, आणि काय आश्चर्य! पात्र द्रवाने जवळजवळ भरले होते. द्रव इतका स्वच्छ होता की डोळ्यांना दिसलाच नव्हता. काटा थांबला होता तो त्याच्यामुळेच, कारण द्रव उकळत असताना त्याचे तापमान बदलत नाही. हेलियम शून्याखाली २६९ अंशांवर द्रव झाला होता. मिळाला तो जेमतेम साठ घनसेंटीमीटर, म्हणजे चहाच्या लहान पेल्याएवढा. पुढची पंधरा वर्षे हे काम जगात दुसऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेला जमले नाही.

एवढ्या थंडीत पदार्थ कसे वागतात हे आता मोजता येणार होते. धातूच्या तारेतून वीज वाहते तेव्हा तार तिला थोडा अडथळा करते. या अडथळ्याला रोध म्हणतात. रोधामुळेच इस्त्री तापते. अतिशय थंडीत रोधाचे काय होईल? कोणी म्हणत, तो हळूहळू कमी होईल. कोणी म्हणत, वीज जागीच गोठेल आणि रोध अफाट वाढेल. ओनेस यांनी मोजायचे ठरवले. त्यासाठी त्यांनी पारा निवडला. पारा हा शब्द उर्दूतही आहे. पारा उकळून त्याची वाफ पुन्हा थंड केली की तो अत्यंत शुद्ध मिळतो.

८ एप्रिल १९११ रोजी हा प्रयोग झाला. फ्लिम यंत्रे सांभाळत होते, कॉर्नेलिस डॉर्समन तापमान पाहत होते आणि खिलेस होल्स्ट हे रोध मोजत होते. द्रव हेलियमच्या तापमानाला पाऱ्याचा रोध जवळजवळ नाहीसा झाला! पुढच्या प्रयोगांत दिसले, की तो हळूहळू कमी होत नाही. ठरावीक तापमानाला एकदम कोसळतो. कोठे जोड चुकला असेल म्हणून पुन्हा पुन्हा तपासले. पण चूक नव्हती. या गुणाला आज अतिसंवाहकता म्हणतात. त्या वेळचे निबंध मात्र एकट्या ओनेस यांच्याच नावाने छापले गेले. होल्स्ट यांचे नाव लेखक म्हणून आले नाही. तेव्हाची रीत तशी होती; पण या शोधात होल्स्ट यांचाही वाटा होता, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. पुढे शिसे आणि कथील या धातूंतही हाच गुण सापडला. १९१३ मध्ये ओनेस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता त्यांच्या मनात एक मोठे स्वप्न उभे राहिले. तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली की चुंबक तयार होतो. फार जोरदार चुंबक हवा तर फार वीज लागते आणि तार तापून वितळते. पण रोधच नसेल तर तार तापणारच नाही! मग १,००,००० गॉसचा चुंबक का करू नये? गॉस हे चुंबकीय बळ मोजण्याचे एकक आहे. पृथ्वीचे चुंबकीय बळ सुमारे अर्धा गॉस असते, म्हणजे हे स्वप्न केवढे मोठे होते पाहा.

शिशाच्या तारेचे वेटोळे करून द्रव हेलियममध्ये बुडवले. पण काही शे गॉसपर्यंत पोचताच शिशाचा तो गुण नाहीसा झाला. वेटोळ्याच्या स्वतःच्या चुंबकत्वानेच त्याचा घात केला. ओनेस यांनी हा अपयशाचा अनुभव लपवून ठेवला नाही. किती बळाला काय होते ते मोजले आणि १९१४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यांनी दुसरा सुंदर प्रयोग केला. शिशाच्या बंद वेटोळ्यात एकदा वीज सुरू केली आणि विजेचा पुरवठा काढून घेतला. जवळच्या होकायंत्राची सुई तासन्‌तास वळलेलीच राहिली. कोणी ढकलत नसतानाही वीज वेटोळ्यात फिरतच होती.

१९२३ मध्ये ओनेस निवृत्त झाले. २१ फेब्रुवारी १९२६ रोजी लायडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे चुंबकाचे स्वप्न अपुरेच राहिले होते.

ते पूर्ण व्हायला आणखी पस्तीस-चाळीस वर्षे लागली. १९६० च्या सुमारास नायोबियम या धातूचे असे मिश्रधातू हाती आले, की ज्यांचा हा गुण जोरदार चुंबकत्वातही टिकतो. आज १,००,००० गॉसहून अधिक बळाचे असे चुंबक अनेक प्रयोगशाळांत आहेत.

असा चुंबक पाहायला दूर जायला नको. मोठ्या रुग्णालयात एमआरआय यंत्र असते. मेंदूचे किंवा मणक्याचे चित्र काढण्यासाठी रुग्णाला त्याच्या पोकळीत झोपवतात. बहुतेक मोठ्या एमआरआय यंत्रांत नायोबियम आणि टायटॅनियम यांच्या तारेचे वेटोळे असते आणि ते द्रव हेलियमने थंड ठेवलेले असते. भोवती निर्वात आवरण, तोच ड्यूअर यांचा थर्मास. वेटोळ्यात एकदा वीज भरून तोंडे जोडली की ती वर्षानुवर्षे फिरत राहते. म्हणून हा चुंबक रात्रीही चालू असतो, दिवे बंद असले तरी. त्या खोलीत लोखंडाची वस्तू नेऊ देत नाहीत ते यासाठीच.

पण वीज फुकट फिरते म्हणून काळजी फुकट होत नाही. कितीही चांगले आवरण असले तरी थोडी उष्णता आत झिरपतेच. म्हणून थंडावा देणारे यंत्र अहोरात्र चालवावे लागते. त्याचे पाणी, त्याचा पंप, हेलियमची पातळी आणि दाब यांवर नजर ठेवावी लागते. वेटोळ्याचा लहानसा भाग जरी तापला, तरी तेथे रोध परत येतो. रोधाने उष्णता वाढते, ती शेजारच्या भागाला तापवते आणि काही क्षणांत साऱ्या चुंबकाची शक्ती उष्णतेत बदलते. हेलियम भडभडा उकळू लागतो. एक लिटर द्रवाचा सातशेहून अधिक लिटर वायू होतो. तो खोलीत पसरला तर माणसे गुदमरतील. म्हणून त्याला बाहेर नेणारा जाड नळ बसवलेला असतो. तो नळ मोकळा आहे ना, हे पाहणे देखभालीचे महत्त्वाचे काम आहे.

एक लहान चूक केवढी महाग पडते, याचे उदाहरण पाहा. जिनीव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचे एक प्रचंड यंत्र आहे. त्यात १,२३२ मोठे अतिसंवाहक चुंबक वाकलेल्या वाटेवर ओळीने बसवले आहेत. १९ सप्टेंबर २००८ रोजी तेथील दोन चुंबकांमधला विजेचा एक जोड निकामी झाला. ठिणगीने हेलियमच्या आवरणाला भोक पडले आणि कित्येक टन हेलियम बाहेर पडला. दुरुस्तीला वर्षाहून अधिक काळ लागला. चुंबक हजारो, पण चुकला तो एक जोड!

हेलियम जमिनीखालच्या नैसर्गिक वायूबरोबर मिळतो आणि हवेत सुटला की परत हाती येणे कठीण. म्हणून चांगल्या प्रयोगशाळांत उकळलेला हेलियम पिशव्यांत आणि टाक्यांत गोळा करून पुन्हा द्रव करतात. अलीकडे तर अगदी थोड्या हेलियमवर चालणारी एमआरआय यंत्रेही निघाली आहेत. वाळूतून काढलेला हेलियम जपून जपून वापरणाऱ्या ओनेस यांना हे पाहून नक्कीच आनंद झाला असता.

मित्रांनो, ओनेस यांचे मोठेपण कशात होते? ते बुद्धिमान होते, यात शंका नाही. पण त्यांनी पंप सांभाळणाऱ्या, काच फुंकणाऱ्या, नळीचा जोड पुन्हा एकदा तपासणाऱ्या हातांना शिकवले. काम थांबले तेव्हा धीर सोडला नाही. स्वप्न फसले तेव्हा तेही मोजून, लिहून, पुढच्यांच्या हाती दिले. तुम्ही कधी एमआरआय यंत्राच्या खोलीजवळून गेलात, तर आतली टक-टक कान देऊन ऐका. त्यातील एक आवाज थंडावा देणाऱ्या पंपाचा असतो. तेथे कोणी रुग्ण नसतानाही तो चालूच असतो, आणि कोणीतरी तंत्रज्ञ रोज येऊन हेलियमची पातळी वहीत लिहून जातो.